एकशे तीस डॉलरचा सुपरमॅन

बंगळूरच्या मामाने यंदा दिवाळीत मला एक पुस्तक वाचायला दिले. ‘सुपरमॅन क्रॉनिकल्स’ या मालेचा तो पहिला खंड, २००६ साली निघालेला. सुपरमॅनच्या अगदी आरंभीच्या चित्रकथा ज्या क्रमाने प्रसिद्ध झाल्या त्याच क्रमाने त्यात छापल्या आहेत. वीस वर्षांचा घोडा मांडीवर चित्रांचे पुस्तक घेऊन बसलेला पाहून आजीने चष्म्यावरून एकदा पाहिले आणि मान हलवली. पण दोन रात्रींत मी ते संपवले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

सिनेमात पाहिलेला सुपरमॅन डोक्यात ठेवून हे पुस्तक उघडणारा फसतो. हा पहिला सुपरमॅन उडतच नाही. तो उड्या मारतो! परग्रहावरचे शत्रूही त्याला अजून भेटलेले नाहीत. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला तो चोप देतो. निरपराध बाईची फाशीची शिक्षा (त्यांच्याकडे तेव्हा ती विजेच्या खुर्चीवर देत) टळावी म्हणून मध्यरात्री गव्हर्नरच्या घराचे दार मोडून आत शिरतो. युद्धसामग्री विकून गबर झालेल्या कारखानदाराला साधा शिपाई म्हणून रणांगणावर धाडतो. तिसऱ्या कथेत तर एका खाणमालकाला, मेजवानीला आलेल्या पाहुण्यांसकट, त्याच्याच धोकादायक खाणीत कोंडतो. त्या काळी अमेरिकेत मंदीने लाखो लोक बेकार झाले होते, हे लक्षात घेतले की या कथांचा रोख कळतो. चित्रे घाईत काढल्यासारखी वाटतात. नायकाचे डोळे म्हणजे दोन बारीक रेघा! पण त्या रेघांत असा वेग आहे की पान उलटल्याशिवाय राहवत नाही. हे हात कोणाचे, हा प्रश्न मला पडला आणि मी जो शूस्टरच्या मागे लागलो.

जो शूस्टरचा जन्म १० जुलै १९१४ रोजी कॅनडातील टोरांटो शहरात झाला. वडील हॉलंडमधून आलेले, आई कीव्हची. ज्यू कुटुंब, व्यवसाय शिंप्याचा. लहानपणी जोने रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली. त्या पत्राचे नाव टोरांटो डेली स्टार. या खंडातला क्लार्क केंट ज्या पत्रात नोकरी करतो त्याचेही नाव डेली स्टारच आहे. डेली प्लॅनेट हे नाव मागाहून आले.

जो दहा वर्षांचा असेल-नसेल तेव्हा हे कुटुंब अमेरिकेत क्लीव्हलँडला आले. तिथेही दारिद्र्याने पाठ सोडली नाही. चित्रकलेचा कागद परवडत नसे, म्हणून हा मुलगा दुकानातल्या पुड्या बांधायच्या कागदावर किंवा भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या पाठीवर चित्रे काढी. चित्राखाली धरायला फळी म्हणून आईचा पाव मळायचा लाकडी पाट. शुक्रवारी मात्र सब्बाथच्या पावासाठी आई तो मागून घेई, तेव्हा चित्रकला बंद! हिवाळ्यात घर तापवायला कोळसा नसे. मग अंगावर दोन-तीन कोट आणि हातांत मोजे चढवून काम चाले. मोजे घालून रेघ कशी ओढता येते, हे मी स्वतः करून पाहिले. मला माझे नावसुद्धा धड लिहिता आले नाही.

ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये त्याला जेरी सीगल भेटला. दोघेही बुजरे, दोघांनाही चष्मा. सीगलला कथा सुचत आणि जोला चित्रे काढता येत. सीगलच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. १९३२ साली त्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगातच वडिलांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी या मुलांनी स्वतः काढलेल्या अंकात ‘सुपरमॅन’ हा शब्द पहिल्यांदा वापरला. तो सुपरमॅन टकलू होता आणि दुष्टही. मग त्यांनी त्याचा नायक केला. एका प्रकाशकाने नकार दिला तेव्हा जोने संतापाने सारी पाने जाळून टाकली. मुखपृष्ठ तेवढे सीगलने वाचवले. मग सारे पुन्हा पहिल्यापासून. सर्कशीतल्या पहिलवानासारखा घट्ट पोशाख, खांद्यावर झूल, आणि दिवसा मात्र चष्मा लावणारा भित्रा वार्ताहर. किरकोळ अंगाचा जो स्वतः व्यायामाची मासिके वाचून वजने उचलीत असे. त्याच्या मनातली सगळी हौस त्या छातीत उतरली आहे. वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या एकाही कंपनीला मात्र हा नायक पसंत पडला नाही.

अखेर १९३८ साली न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनसंस्थेला नव्या मासिकासाठी मजकूर हवा होता. तेरा पाने, पानाला दहा डॉलर, एकूण एकशे तीस डॉलर. १ मार्च १९३८ रोजी दोघांनी कागदावर सही केली आणि सुपरमॅनचे सर्व हक्क कायमचे लिहून दिले. दोघांचेही वय तेव्हा तेवीस. इतर कामांचे पैसे मिळून धनादेश ४१२ डॉलरचा निघाला. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा तो पहिला अंक, किंमत दहा सेंट, हां हां म्हणता खपला.

आता आम्हा कॉमर्सवाल्यांना हे प्रकरण कसे दिसते ते सांगतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात पंचविसाव्या कलमाखाली एक उदाहरण आहे. हजार रुपयांचा घोडा एकाने राजीखुशीने दहा रुपयांना विकायचे कबूल केले, तरी तो करार पक्का. मोबदला अपुरा म्हणून करार रद्द होत नाही. परीक्षेत हे उदाहरण मी दोनदा लिहिले आहे आणि दोन्ही वेळा पूर्ण गुण घेतले आहेत. माझा धाकटा भाऊ चित्रे काढतो. गेल्या वर्षी एका मिठाईवाल्याने कुंद्याच्या खोक्यासाठी त्याच्याकडून टोपीवाल्या मुलाचे चित्र काढून घेतले आणि पाचशे रुपये देऊन कागदावर सही मागितली. वाचून बघ, असे भावाने मला सांगितले. मी वाचले, कायदेशीर आहे म्हणालो, सही कर म्हणालो. आज तो टोपीवाला मुलगा पिशव्यांवर आहे, टेंपोवर आहे, दुकानाच्या पाटीवरही आहे. भाऊ त्याबद्दल काही बोलत नाही. शूस्टर मूर्ख होता असे मला पहिल्या वाचनात वाटले होते. ते मत मी इथेच मागे घेतो.

काही वर्षे पैसा आला, हेही नमूद केले पाहिजे. काम इतके वाढले की जोने क्लीव्हलँडमध्ये चित्रशाळा काढून मदतनीस ठेवले. मूळची अधू दृष्टी आणखी मंदावत चालली होती, म्हणून पुढे पुढे मुख्यतः चेहरे तेवढे तो स्वतः काढी. १९४७ साली दोघांनी हक्कांसाठी कोर्टात धाव घेतली. पुढच्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली. त्यातून वकिलांची फी गेली, नोकरी गेली, आणि कथांवरची त्यांची नावेही गेली. त्याच वर्षी दोघांनी ‘फनीमॅन’ नावाचा विनोदी नायक काढून पाहिला, तो चालला नाही. त्यानंतर जोच्या डोळ्यांनीच साथ सोडली. ज्याला रेघ दिसत नाही त्या चित्रकाराने काय करावे?

१९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार अशी बातमी आली. तेव्हा जवळजवळ आंधळा झालेला जो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात भावाच्या घरी राहत होता आणि सीगल लॉस एंजेलिसला एका कचेरीत कारकुनी करीत होता. सीगलने संतापून वर्तमानपत्रांना एक लांबलचक पत्रक धाडले. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले. कायद्याने कंपनी काही देणे लागत नव्हती. पण लोकांत छी-थू होऊ लागली आणि डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर, औषधपाण्याचा खर्च आणि जिथे जिथे सुपरमॅन तिथे तिथे त्यांची नावे, असे ठरले. १९७८ च्या त्या चित्रपटात सुपरमॅनच्या बापाची छोटीशी भूमिका करणाऱ्या मार्लन ब्रँडोला ३७ लाख डॉलर मिळाले होते. हिशेब वाचकांनीच करावा.

जो शूस्टर ३० जुलै १९९२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वारला. त्याच्या मागे कर्ज होते, ते कंपनीने फेडले. तो ४१२ डॉलरचा वटलेला धनादेश २०१२ साली लिलावात एक लाख साठ हजार डॉलरना गेला. पहिल्या अंकाची एक चांगली प्रत २०२४ साली साठ लाखांना.

या खंडात पहिल्या कथेच्या पहिल्या पानावर दोघांची नावे छापली आहेत, १९३८ च्या अंकात होती तशीच. पुस्तक मामाला परत करायचे आहे, पण गेले आठ दिवस ते माझ्याकडे नाहीच. भाऊ रात्री स्वयंपाकघरात दिवा लावून बसतो आणि माझ्या कॉस्टिंगच्या जुन्या कागदांच्या पाठीवर त्या उड्या उतरवतो. काल त्याने एक चित्र दाखवले. खाली कोपऱ्यात आपले पूर्ण नाव लिहिले होते, आडनावासकट.