चार वर्षांनी फळाला आलेले ध्यानचंद

शेतकरी बंधूंनो, पोरगं वर्षभर हॉकी खेळलं आणि निवड झाली नाही, की आपण त्याला मैदानावरून घरी आणतो. त्याआधी मेजर ध्यानचंद यांचं आयुष्य बघा.

जन्म १९०५ चा, अलाहाबादचा. वडील फौजेत. लहानपणी ओढ कुस्तीची; हॉकीत नाव घेण्यासारखं काही नव्हतं. १९२२ मध्ये ते साधे शिपाई म्हणून भरती झाले. पलटणीतले सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी त्यांना खेळाचे धडे दिले. ड्यूटी संपली की रात्री चांदण्यात सराव. चार वर्षं फक्त फौजेतलेच सामने. मग १९२६ मध्ये सैन्याच्या संघातून न्यूझीलंडचा दौरा घडला. संघाने २१ पैकी १८ सामने जिंकले. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी पाच सामन्यांत १४ गोल केले. १९३२ ला पुन्हा सुवर्णपदक आणि १९३६ ला बर्लिनमध्ये कप्तान म्हणून तिसरं. १९७९ मध्ये ते वारले.

तिवारींनी पहिल्याच वर्षी हिशेब मागितला असता तर? आंबा लावल्या वर्षी फळ देत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. सरपंच, ग्रामसेवकांनी गावचं मैदान मोकळं ठेवावं आणि पालकांनी पोराला चार हंगाम तरी द्यावेत.