सेवाव्रती सावित्रीबाई फुले

परोपकाराची थोरवी आपण सर्वच गातों. परंतु रुग्णसेवा करणाऱ्याच्या देहास काय सोसावें लागतें, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. तें जावें म्हणून सावित्रीबाई फुले यांच्या चरित्राचा अखेरचा भाग आम्ही येथें देत आहों.

सावित्रीबाईंचा जन्म सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें ३ जानेवारी १८३१ रोजीं झाला. १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढण्यांत त्यांनीं पति जोतीराव यांस साथ दिली, हें सर्वांस विदितच आहे. १८९० सालीं जोतीराव निवर्तले. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला व लवकरच पुण्यास पोंचला. तेव्हां त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनीं हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. साठी उलटलेल्या सावित्रीबाई तेथें रोगी आणून त्यांची शुश्रूषा करूं लागल्या. मुंढव्याच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तींतील एका आजारी मुलास त्यांनीं पाठीवर घेऊन आणलें, असें सांगतात. ह्या सेवेंतच त्यांस प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

प्लेगच्या रोग्याची शुश्रूषा म्हणजे रात्रंदिवस जागरण. ज्वरानें तो बरळतो, उठून पळूं पाहतो. त्यास पाणी पाजावें, कूस पालटावी, अंथरूण बदलावें, आणि तो शांत झाला कीं दुसऱ्याकडे वळावें. त्या काळीं शिकलेल्या परिचारिका फार थोड्या. सर्व भार मोजक्या खांद्यांवर पडे. एका दिवसाचा शीण एका रात्रीच्या झोंपेनें जातो. पण झोंपच अपुरी झाली म्हणजे उरलेला शीण दुसऱ्या दिवसाच्या शिणांत मिळतो. आमच्या रेवसकडील खारेपाटांतल्या बांधाचें असेंच असतें. प्रत्येक भरती थोडी माती नेते, तें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. आणि एखाद्या उधाणास एकाएकीं खांड पडते. थकव्यानें प्लेग होत नाहीं, हें खरें. परंतु थकलेल्या देहाची रोगाशीं झुंजण्याची शक्ति उणावते आणि थकलेल्या हातून सावधगिरी सुटते. २०२० सालच्या कोविडच्या साथींत परिचारिकांच्या बाबतींत हेंच पुन्हां दिसून आलें.

विद्यार्थीमित्रहो, घरीं आई अगर ताई आजाऱ्याच्या उशाशीं एक रात्र जागली असेल, तर दुसऱ्या रात्रीं तिला निजवून आपण बसावें. रुग्णालयांत परिचारिकेस उगाच हांका मारूं नयेत. बांधाची डागडुजी उधाणापूर्वींच करावयाची असते. सावित्रीबाईंचें स्मरण ह्या रीतीनें केल्यास तें खरें स्मरण होईल, असें आम्हांस वाटतें.