नेम मोडला नाही : श्रीटेंबेस्वामींचे चरित्र



दत्तजयंती जवळ आली की आपल्यापैकी पुष्कळजण काही ना काही नेम धरतात. कोणी गुरुचरित्राचा सप्ताह करतो, कोणी पहाटे उठून आसन-प्राणायाम सुरू करतो. पहिले आठ दिवस उत्साहात जातात. मग घरात पाहुणे येतात, सर्दी होते, लग्नकार्य निघतं आणि नेम सुटतो. म्हणून या अंकात थोरल्या महाराजांचं, म्हणजे प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी महाराजांचं चरित्र या एकाच अंगाने पाहू. त्यांचे चमत्कार आपण पुष्कळ ऐकले आहेत. पण त्यांचा नेम हाच मला त्यांचा मोठा चमत्कार वाटतो.

महाराजांचा जन्म सावंतवाडीजवळ माणगावी श्रावण वद्य पंचमीला, सन १८५४ मध्ये झाला. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. वडील मोठे दत्तभक्त, त्यांचा ओढा गाणगापूरकडे. त्यामुळे लहानग्या वासुदेवाला घडवलं ते आजोबा हरिभट्टांनी. आठव्या वर्षी मुंज झाली आणि संध्या सुरू झाली. आपण योग म्हटलं की चटई अंथरून करायचा व्यायाम डोळ्यांपुढे आणतो. पण संध्येतच आचमन आहे, प्राणायाम आहे, स्थिर बसून गायत्रीचा जप आहे. म्हणजे योगाचा श्रीगणेशा मुंजीच्या दिवशीच झाला म्हणायचा. पुष्कळांच्या मुंजी होतात, संध्या मात्र सोडमुंजीच्याही आधी सुटते. वासुदेवशास्त्र्यांची सुटली नाही.

बँकेत जन्म गेल्यामुळे मला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. दिवसाला तीन संध्या, वर्षाच्या १,०९५. आठव्या वर्षापासून छत्तिसाव्या वर्षापर्यंत २८ वर्षं धरली तर तीस हजारांच्या वर संध्या होतात. एकेक करून साठलेली ही ठेव.

आणि ही वर्षं काही निवांत नव्हती. एकविसाव्या वर्षी लग्न झालं, पत्नी अन्नपूर्णाबाई. भिक्षुकी, ज्योतिष, वैद्यकी करून प्रपंच चालायचा. हातात पैसा बेताचा. अशातच ओढ लागली ती नरसोबाच्या वाडीची. तिथे गोविंदस्वामींचा सहवास लाभला, दत्तप्रभूंची कृपा झाली. परत आल्यावर माणगावी दत्तमंदिर उभं राहिलं आणि तिथे सात वर्षं दत्तसेवा झाली. अडलेनडलेले लांबलांबून येत. लोकांची दुःखं ऐकायची, उपाय सांगायचे, आणि त्यातून स्वतःचं आन्हिक चुकू द्यायचं नाही. प्रपंचामुळे वेळ मिळत नाही असं म्हणणाऱ्यांनी महाराजांचे हे गृहस्थाश्रमातले दिवस आधी वाचावेत.

पुढे दत्तआज्ञेने पत्नीसह माणगाव सोडलं. तीर्थयात्रा करीत दोघे गोदाकाठी गंगाखेडला आले. तिथे सन १८९१ मध्ये अन्नपूर्णाबाईंचं निधन झालं. क्रियाकर्म आटोपून महाराजांनी चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. उज्जैनला श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. संन्यास घेतला की जानवं उतरतं, शिखा जाते, संध्याही जाते. तीस हजार वेळा केलेलं कर्म एका दिवसात सोडायचं! दुसरा कोणी गोंधळला असता. महाराजांनी मात्र आश्रम बदलला तसं नेमाचं रूप बदललं, नेम तसाच ठेवला. संध्येच्या जागी प्रणवाचा जप आणि दंडतर्पण आलं. पहाटेचं स्नान, ध्यान, दत्तपूजा, दुपारी माधुकरी, मग ग्रंथांचं निरूपण असा दिवस बांधलेला.

सन १८९१ ते १९१३ असे तेवीस चातुर्मास झाले. पहिला उज्जैनला, शेवटचा नर्मदाकाठी गरुडेश्वरला. मध्ये ब्रह्मावर्त, हरिद्वार, द्वारका, दक्षिणेत तंजावर, कृष्णेतलं कुरवपूर. हा सगळा प्रवास अनवाणी आणि पायी. सोबत दंड, कमंडलू, छाटी आणि दत्तमूर्ती. वर संग्रहणीचं जुनं दुखणं, अंगात त्राण नाही असे दिवस यायचे. तरी थंड पाण्याचं स्नान आणि आन्हिक चालू. आणि एवढ्या वाटचालीत ग्रंथरचना किती! द्विसाहस्री, दत्तपुराण, दत्तमाहात्म्य, सप्तशती गुरुचरित्रसार, आणि आपण रोज म्हणतो ती करुणात्रिपदी. नेमाने वेळ खाल्ला नाही, उलट वेळ दिला, असंच म्हणावं लागतं.

आषाढ शुद्ध प्रतिपदेला, सन १९१४ मध्ये, गरुडेश्वरी महाराजांनी देह ठेवला. शेवटच्या क्षणीही ते आसनावर दत्तप्रभूंसमोर बसलेले होते, असं चरित्रकार सांगतात. आयुष्यभर जी बैठक रोज साधली, ती शेवटी उपयोगाला आली. पुढे गुळवणी महाराज, नारेश्वरचे रंगावधूत महाराज यांनी तोच वारसा चालवला.

आता आपलं काय? महाराजांचं कर्म आपल्याला झेपणार नाही, आणि तसा हट्टही धरू नये. पण त्यांची रीत घेता येईल. जागा एक, वेळ एक, आणि माप लहान. दत्तापुढे पाणी सोडून संकल्प करावा तो पेलेल एवढाच. पाच मिनिटं सुखासनात बसणं, सावकाश पाच-सात दीर्घ श्वास, एक माळ नामाची. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी श्वास कोंडू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. खाली बसवत नसेल तर खुर्ची चालते. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या मनाने करावं, पण दिवस कोरा जाऊ देऊ नये.

आपल्या वयात खरी कसोटी वेगळीच असते. नोकरी संपते, मुलं लांब जातात, जोडीदार आधी निघून जातो. ज्या घड्याळावर दिवस चालायचा तेच बंद पडतं, आणि त्याबरोबर देवापुढचं बसणंही सुटतं. अशा वेळी गंगाखेडचे ते चौदा दिवस आठवावेत. रूप बदलायला हरकत नाही. नेम मोडू नये.

येत्या पौर्णिमेला सुंठवडा घेऊन घरी परतताना एवढा एकच लहानसा संकल्प ज्याने त्याने बरोबर न्यावा. तो तडीस नेण्याचं बळ महाराज देतील.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥