नाईक यशवंत घाडगे : एका वीराचे अल्पचरित्र

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करणे हे आमचे पहिले कर्तव्य होय. दरवर्षी २ नोव्हेंबर रोजी, मृतांच्या दिवशी, आम्ही वऱ्हाडातील ख्रिस्ती लोक दफनभूमीत जाऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. परंतु ज्याला थडगेच लाभले नाही, त्याचे स्मरण कोठे करावे? ह्या विचाराने आम्हांस एका महाराष्ट्रीय तरुणाची आठवण होते. तो आपल्या धर्माचा वा आपल्या प्रांताचा नव्हता. तरी त्याचे चरित्र प्रत्येक घरात वाचले जावे, अशी आमची इच्छा आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील पळसगाव ह्या खेड्यात झाला. ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होऊन नाईकाच्या हुद्द्यास चढले आणि पत्नी लक्ष्मीबाई यांस मागे ठेवून दुसऱ्या महायुद्धात समुद्रापार गेले.

१९४४ च्या उन्हाळ्यात पाचव्या मराठ्यांची तिसरी पलटण इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. १० जुलै रोजी यशवंतरावांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण ठार अथवा जखमी झाला. सोबतीस कोणी नाही हे जाणूनही ते एकटेच धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा शिपाई यांस निकामी केले, टॉमी गनने दुसऱ्यास टिपले, आणि गोळ्या भरण्यास अवधी नसल्यामुळे बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांस मारले. इतक्यात दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तो २ नोव्हेंबर १९४४ रोजी, म्हणजे मृतांच्याच दिवशी! १९४५ साली दिल्लीस व्हाइसरॉय वेव्हेल यांनी ते पदक लक्ष्मीबाईंच्या हाती दिले. पदक घरी आले, पती आला नाही. त्याच्या कबरीचाही ठावठिकाणा नाही. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीत कासिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. त्या स्मारकावरील डोंगरावर संत बेनेडिक्टचा मठ आहे. तोही १९४४ च्या फेब्रुवारीत बाँबवर्षावाने जमीनदोस्त झाला होता व पुढे पुन्हा उभारण्यात आला.

२०२३ साली इटलीतील मोंतोने ह्या गावाने यशवंतरावांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपाने स्मारक उभारले. सर्व माणसे एकाच सूर्याखाली राहतात, असा त्याचा बोध आहे. तो वाचून आमच्या मनात येते की, त्या मोर्चात पडलेले चार शत्रूही कोणा मातेचेच पुत्र होते. शौर्याचा गौरव करावा, पण युद्धाचा करू नये.

तेव्हा प्रिय बंधुभगिनींनो, येत्या मृतांच्या दिवशी आपापल्या थडग्यांवर मेणबत्ती लावून झाल्यावर, ज्यांना थडगे नाही अशा सर्वांसाठी, मित्रांसाठी व शत्रूंसाठीही, एक मेणबत्ती अधिक लावावी, एवढीच आमची विनंती.