टेलिफोन सुधारायला गेले आणि कानातली बॅटरी सापडली: जॉर्ज फॉन बेकेशी

फोनवर समोरच्याचा आवाज नीट येत नसेल तर आपण आधी नेटवर्कला शिव्या घालतो, मग इअरफोन काढून पुन्हा लावतो आणि शेवटी म्हणतो, जाऊ दे, मेसेज करतो. बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या डोक्यापर्यंत जी साखळी आहे, तिच्यात कच्ची कडी नेमकी कोणती, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. जॉर्ज फॉन बेकेशी यांना हा प्रश्न नोकरीतच पडला. ते हंगेरीच्या टेलिफोन खात्यात होते. पुढे 1961 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि तेही वैद्यकशास्त्राचं. डॉक्टर नसताना.

त्यांचा जन्म 3 जून 1899 चा, बुडापेस्टचा. वडील परराष्ट्र सेवेत, त्यामुळे लहानपण म्युनिक, कॉन्स्टँटिनोपल, झुरिच असं फिरतीवर गेलं. बर्नमध्ये ते केमिस्ट्री शिकले आणि 1923 मध्ये बुडापेस्टला त्यांनी फिजिक्समध्ये डॉक्टरेट केली. पण पहिल्या महायुद्धात हंगेरी हरली होती, देशात पैसा नव्हता आणि विद्यापीठांच्या लॅबमध्ये फारसं काही उरलं नव्हतं. बरी उपकरणं होती ती पोस्ट खात्याच्या टेलिफोन लॅबमध्ये. त्या काळी टेलिफोन पोस्टाकडेच असायचा. बेकेशी तिथे रुजू झाले आणि मधलं एक वर्ष बर्लिनच्या सीमेन्समध्ये काढलं, ते सोडलं तर 1946 पर्यंत तिथेच राहिले. कोअर ब्रँच मिळाली नाही म्हणून आयटीत आलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

त्यांनी तुलना सुरू केली. टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये धातूची एक पातळ चकती असते, आणि कानातही पडदा असतो. दोघांना एकच छोटा 'टिक्' असा आवाज दिला तर काय होतं? रिसीव्हरची चकती नंतर बराच वेळ झणझणत राहायची. कानाचा पडदा जवळपास लगेच शांत व्हायचा. म्हणजे पैसे खर्च करायचे तर रिसीव्हरवर. ऑफिसचं काम इथे संपलं होतं. बेकेशी मात्र पडद्याच्या पलीकडे काय आहे ते बघायला निघाले.

पलीकडे असतो कोक्लिया. गोगलगाईच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा, मटाराएवढा अवयव, आणि तोही शरीरातल्या सगळ्यात कठीण हाडात पुरलेला. आत पाणी भरलेलं असतं आणि मधून जाते एक लांब पट्टी, बेसिलर पट्टी. उलगडली तर साधारण 35 मिलिमीटर भरते. ही पट्टी आवाजाचं करते काय, यावर तेव्हा मोठे वाद होते. हेल्महोल्ट्झ यांचं मत होतं की ती पियानोच्या तारांसारखी आहे, प्रत्येक सुराला एक तार. दुसरं मत असं की अख्खी पट्टी एकदम थरथरते, रिसीव्हरच्या चकतीसारखी. या मताला चक्क टेलिफोन सिद्धांत म्हणायचे. वाद घालणाऱ्यांपैकी ती पट्टी हलताना मात्र कोणी बघितलेली नव्हती.

बेकेशींनी ती बघायचं ठरवलं. शवविच्छेदन झालेल्या मृतदेहांच्या कानाची हाडं ते हॉस्पिटलमधून आणायचे. मृत्यूनंतर कान फार लवकर सुकतो, म्हणून सगळं काम पाण्याखाली, मायक्रोस्कोपमधून. पाण्याचा बारीक प्रवाह चालू ठेवायचा, म्हणजे कोरताना निघालेला भुगा वाहून जातो. त्यासाठी इवल्याशा कात्र्या, इवलेसे चाकू त्यांनी स्वतः बनवले. हाड कोरायला ड्रिल मशीन मात्र पोस्टाच्याच वर्कशॉपचं. सकाळी कामावर येणाऱ्या मेकॅनिक लोकांना आपल्या मशीनवर माणसाच्या हाडांची पूड सापडायची आणि त्यांचं डोकं फिरायचं. मला त्या मेकॅनिकांबद्दल खरंच वाईट वाटतं.

कोक्लियाला खिडकी पाडली तरी आतला पडदा पारदर्शक. मग त्याच्यावर चांदीचे बारीक कण भुरभुरले. हालचाल डोळ्याला पकडता येईना इतकी जलद, म्हणून उघडझाप करणारा स्ट्रोब लाइट लावला, ज्यात जलद हालचाल संथ दिसते. थरथर फारच कमी, म्हणून आवाज प्रचंड मोठा द्यावा लागला. आणि मग लाट दिसली. पट्टीच्या एका टोकाला सुरू होऊन ती पुढे सरकत जाते, एका ठिकाणी सगळ्यात उंच होते आणि लगेच विरते. बारीक, टिपेचा आवाज असेल तर ती सुरुवातीलाच उंच होते. खर्जातला असेल तर पार दुसऱ्या टोकाला जाऊन. कारण पट्टी सगळीकडे सारखी नाही. सुरुवातीला अरुंद आणि ताठ, शेवटाकडे रुंद आणि सैल. पियानोही नाही आणि टेलिफोनही नाही. 1928 मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे उंदीर, गाय, अगदी हत्तीच्या कानातही ते तपासून पाहिलं.

सुरांचा हा नकाशा आज तुमच्या खिशातही आहे. पट्टीवर एका जागी मोठी लाट उठली की शेजारचा बारीक आवाज झाकला जातो. एमपीथ्रीसारखे फॉरमॅट हे झाकले जाणारे आवाज टिपायला फारसा डेटा खर्चच करत नाहीत, म्हणून गाण्याची फाइल लहान होते. कोक्लियर इम्प्लांटमधले इलेक्ट्रोडही याच नकाशाप्रमाणे ओळीने काम करतात.

1946 मध्ये बेकेशींनी हंगेरी सोडली. एक वर्ष स्टॉकहोममध्ये काढलं. तिथे त्यांनी ऐकण्याची चाचणी घेणारं एक यंत्र बनवलं. ऐकू येतंय तोवर बटण दाबून ठेवायचं, की आवाज कमी होत जातो. ऐकू येईनासं झालं की बटण सोडायचं, मग तो वाढतो. पेशंट स्वतःच आपला नागमोडी आलेख काढतो, डॉक्टरने शेजारी बसायची गरज नाही. 1947 मध्ये ते हार्वर्डला गेले. लॅब होती मेमोरियल हॉल नावाच्या इमारतीच्या तळघरात.

त्यांचं मला सगळ्यात आवडणारं काम या तळघरातलं आहे. 1950 च्या आसपास त्यांनी गिनीपिगच्या जिवंत कोक्लियात बारीक इलेक्ट्रोड घातला. आवाज वगैरे काही चालू नव्हता, तरी पट्टीच्या वरच्या कप्प्यात व्होल्टेज सापडलं. सुमारे 80 मिलिव्होल्ट, आणि तेही पॉझिटिव्ह. शरीरातल्या पेशी आतून सहसा निगेटिव्ह असतात, म्हणून हे विचित्र होतं. कान ऐकत नसतानाही चार्ज होऊन बसलेला असतो.

आता ही बॅटरी टिकते कशी ते बघू. नववीच्या विज्ञानात अभिस्तर ऊती आठवतेय? शरीराच्या पृष्ठभागांवर अंथरलेला, एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा थर. कोक्लियाच्या पट्टीवर असाच थर आहे, फक्त त्यातल्या काही पेशी संवेदी आहेत. त्यांच्या डोक्यावर केसांसारखे तुरे असतात म्हणून त्यांना हेअर सेल म्हणतात. एका कानात साधारण 15,000 असतात, ओळीने मांडलेल्या. फोनच्या कॅमेऱ्यात किती पिक्सेल असतात ते आठवा, म्हणजे हा आकडा किती छोटा आहे ते कळेल. दोन हेअर सेलच्या मध्ये आधार देणाऱ्या पेशी, जशा फरशा एक सोडून एक रंगाच्या बसवाव्यात तशा.

या थराच्या वर एंडोलिम्फ नावाचं पाणी असतं, त्यात पोटॅशियम भरपूर. खाली हेअर सेलच्या धडाभोवती वेगळं पाणी, त्यात सोडियम जास्त. दोन्ही एकमेकांत मिसळली तर बॅटरी संपली. म्हणून पेशींच्या डोक्यांच्या कडा एकमेकींना पक्क्या सील केलेल्या असतात. फरशीच्या फटीत सिमेंट भरतात तसंच. या सांध्यांना टाइट जंक्शन म्हणतात. पेशींमधले सांधे एकाच प्रकारचे नसतात. काही टिचबटणासारखे दोन पेशींना फक्त धरून ठेवतात. काहींना गॅप जंक्शन म्हणतात. ते म्हणजे शेजारच्या भिंतीला पाडलेली बारीक भोकं. आधार देणाऱ्या पेशी त्यातून पोटॅशियम एकमेकींकडे सरकवतात, आणि असंच फिरत फिरत ते परत वर पोहोचतं असं मानतात. बेकेशींनी व्होल्टेज मोजलं तेव्हा टाइट जंक्शन हे नावही रुळलेलं नव्हतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने या सांध्यांची नीट ओळख पटवली ती 1963 मध्ये.

लाट आली की हेअर सेलचा तुरा वाकतो, त्यातली बारीक दारं उघडतात आणि वरचं पोटॅशियम धाडकन आत शिरतं. वर 80 पॉझिटिव्ह, पेशीच्या आत निगेटिव्ह, दोन्ही मिळून फरक 120 मिलिव्होल्टच्या वर जातो. या जोरावरच कान इतका झटपट चालतो.

सील कच्चं असेल तर काय होतं? क्लॉडिन-14 हे टाइट जंक्शनमधलं एक प्रोटीन. ते बनवणारं जीन बिघडलं की मूल जन्मतः बहिरं असू शकतं. 2001 मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांमध्ये हे सापडलं. ज्या उंदरांमध्ये हे प्रोटीनच नाही, त्यांचे हेअर सेल आधी नीट तयार होतात आणि काही आठवड्यांतच मरतात. गॅप जंक्शनच्या बाबतीत तर कोनेक्सिन-26 या प्रोटीनमधला बिघाड हे जन्मतः येणाऱ्या बहिरेपणाच्या सगळ्यात मोठ्या आनुवंशिक कारणांपैकी एक आहे.

आणि सील चांगलं असलं तरी? मोठ्या आवाजाने हेअर सेल मेला की शेजारच्या आधार पेशी पसरतात आणि ते भोक बुजवतात. नवीन टाइट जंक्शन तयार होतात, पाणी गळत नाही, व्होल्टेज टिकतं. थर वाचतो. पण त्या जागेवर आता ऐकणारं कोणी नाही. पक्ष्यांमध्ये आधार पेशींपासून नवे हेअर सेल तयार होतात, आपल्या कोक्लियात होत नाहीत. त्यामुळे आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मी तरी पाळतो. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनचा आवाज मोजणारी सेटिंग असते, एकदा उघडून आपला आकडा बघा.

बेकेशींची एक सवय आपल्या कोड रिव्ह्यूवाल्यांना पटेल. चुका शोधायला मित्रापेक्षा शत्रू बरा, असं ते मानत, कारण तो मन लावून वेळ घालवतो. त्यांची अडचण एवढीच होती की चांगले शत्रू हळूहळू मित्र होत आणि मग काही कामाचे राहत नसत.

आणि चूक होतीच. त्यांना दिसलेली लाट पसरट होती, पण आपल्याला तर अगदी जवळजवळचे दोन सूर वेगळे ऐकू येतात. 1948 मध्ये युद्धकाळात रडारवर काम केलेल्या थॉमस गोल्ड या तरुणाने केंब्रिजमधून मांडलं की कानात अॅम्प्लिफायर असला पाहिजे, आणि तो चालायला पेशी जिवंत हव्यात. मेलेल्या कानात तो दिसणार कसा? तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही, बेकेशींनीही नाही.

1965 मध्ये हार्वर्डच्या लॅबला आग लागली. पुढच्या वर्षी ते होनोलुलूला, हवाई विद्यापीठात गेले. तिथली लॅब त्यांच्यासाठी बांधून दिली ती हवाईच्या टेलिफोन कंपनीने. म्हणजे पुन्हा टेलिफोनच. लग्न त्यांनी केलं नाही. जुन्या कलावस्तू जमवायचा नाद होता, तो संग्रह नोबेल फाउंडेशनला गेला. 13 जून 1972 ला होनोलुलूमध्येच ते वारले.

सहा वर्षांनी, 1978 मध्ये, लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी एका कानात छोटा मायक्रोफोन बसवून 'टिक्' दिला आणि ऐकत राहिले. काही मिलिसेकंदांनी कानातूनच आवाज परत आला. गोल्ड बरोबर होते. हेअर सेलपैकी बाहेरच्या ओळीतले सेल व्होल्टेज बदललं की स्वतःच आखडतात, लांबतात आणि लाटेला ढकलतात. ताकद मिळते ती त्याच 80 मिलिव्होल्टच्या बॅटरीतून. आज प्रसूतीनंतर हॉस्पिटलमध्ये झोपलेल्या बाळाच्या कानात बोंडी घालून जी दोन मिनिटांची चाचणी करतात, तिच्यात हाच परत येणारा आवाज ऐकतात.