सेल्युलोजचे शोधक आन्सेल्म पायेन

ज्या कागदावर हा अंक छापला आहे तो कागद, आपल्या अंगावरील सुती कपडा, वर्गांतील लांकडी बांक आणि वसई-आगाशीच्या वाड्यांतील केळीचें सोपट, या चार वस्तूंत साम्य तें काय, असें कोणीं विचारलें तर आपण क्षणभर घोटाळूं. तथापि या सर्वांच्या मुळाशीं एकच द्रव्य आहे, हें ज्या पुरुषानें प्रयोगानें सिद्ध केलें, त्या आन्सेल्म पायेन या विख्यात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

पायेन यांचा जन्म ६ जानेवारी १७९५ रोजीं पॅरिस येथें झाला. त्यांचे वडील कारखानदार असून त्यांच्याकडे नवसागर तयार होत असे. मुलाचें पहिलें शिक्षण वडिलांच्याच देखरेखीखालीं घरीं झालें. पुढें व्होकलँ व शेव्रेल या नामांकित रसायनज्ञांजवळ त्यांनीं अध्ययन केलें. याप्रमाणें कारखाना व प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणचे संस्कार त्यांच्यावर झाले, आणि जन्मभर त्यांनीं या दोहोंत अंतर पडूं दिलें नाहीं.

तरुण वयांतच टांकणखार शुद्ध करणाऱ्या एका कारखान्याची व्यवस्था त्यांच्याकडे आली. आमच्या सोनारांच्या नित्य उपयोगाचा हा खार त्या काळीं युरोपांत पूर्वेकडून जाई व त्याचा व्यापार डच लोकांच्या मुठींत होता. पायेन यांनीं इटलींतील बोरिक आम्ल आणि सोडा यांपासून टांकणखार करण्याची रीत बसविली, व सुमारें एक-तृतीयांश भावानें तो विकून डचांचा मक्ता मोडला. कच्चा माल खणून विकणाऱ्याची मिरास, त्या मालाचें अंतरंग जाणणारा मनुष्य कशी नाहींशी करतो, याचें हें उदाहरण आमच्या पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

यानंतर त्यांचें लक्ष वनस्पतींकडे वळलें. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या गृहिणीस ठाऊक असतें कीं, मोड आलेल्या धान्याला किंचित् गोडी येते. ही गोडी येते कोठून? १८३३ सालीं पायेन व त्यांचे सहकारी पेर्सो यांनीं मोड आलेल्या जवांतून एक द्रव्य वेगळें काढलें. त्याचा अल्प अंशही पुष्कळशा पिष्टाची साखर करूं शके. त्यास त्यांनीं डायास्टेस असें नांव दिलें. आज ज्यांना एन्झाइम म्हणतात, त्यांपैकीं प्रथम वेगळें काढलेलें हेंच होय. आणि पुढें सांपडलेल्या बहुतेक एन्झाइमांच्या नांवांस याच नांवाचें शेपूट जोडण्याची चाल पडली.

१८३५ सालीं पॅरिसच्या मध्यवर्ती शिल्पविद्यालयांत ते अध्यापक झाले. लांकडालांकडांत भेद आहे, तेव्हां प्रत्येकाचें मूलद्रव्यही भिन्न असावें, असा त्या काळीं समज होता. पायेन यांनीं लांकूड, कापूस, भेंड, कोवळीं मुळें असे नाना जिन्नस घेतले. आम्ल, अमोनिया, पाणी, अल्कोहोल व ईथर यांनीं ते पुनःपुन्हा धुतले. चिकटलेलें सर्व निघून गेल्यावर प्रत्येक वेळीं एकच शुभ्र तंतुमय द्रव्य शिल्लक राहिलें! त्याच्या शंभर भागांत सुमारें ४४ भाग कार्बन, ६ भाग हायड्रोजन व बाकी ऑक्सिजन; म्हणजे घटना पिष्टाचीच, परंतु गुण निराळे. लांकडांतील भेद या द्रव्याचा नसून त्यावर चढलेल्या लेपाचा आहे, हें १८३८ सालीं त्यांनीं दाखविलें. पेशींच्या भिंतींचें म्हणून त्या द्रव्यास सेल्युलोज हें नांव मिळालें. १८४२ मध्यें फ्रान्सच्या विज्ञान परिषदेनें त्यांस सभासद करून घेतलें. मे १८७१ मध्यें, पॅरिस शहर यादवीनें पेटलें असतां, त्यांनीं तेथेंच देह ठेविला.

त्यांनीं लाविलेल्या रोपाचीं फळें मात्र पुढील पिढ्यांस लाभलीं. १९५० च्या सुमारास स्वीडनमध्यें रॉनबी यांनीं गंधकाच्या आम्लानें सेल्युलोजचे तंतू तोडून त्यांचे अतिसूक्ष्म स्फटिक वेगळे केले. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. या स्फटिकांची जाडी अशा थोड्याच नॅनोमीटरांची असते. पावसाळ्यांत लांकडी दार फुगून घट्ट बसतें, तें सेल्युलोजला पाण्याची ओढ असते म्हणून. हा जुना दोषच आतां गुण ठरला आहे. या स्फटिकांचा पातळ पापुद्रा केला तर ते पिळाच्या जिन्यासारखे रचले जातात, आणि कोणताही रंग न घालतां त्यावर मोरपिसासारखे रंग उमटतात. हवेंतील ओल वाढली कीं पिळाचें अंतर वाढतें व निळा रंग तांबड्याकडे सरकतो. ओल लागतांच वांकणारे व वाळतांच पूर्ववत् होणारे पापुद्रेही सेल्युलोजपासून करतां येतात. निर्जीव वस्तूनें भोंवतालची स्थिति ओळखून स्वतः पालटावें, असा हा प्रकार आहे.

हें सर्व दूरदेशींच चालतें असें मात्र नाहीं. विरारहून आगगाडीनें जाऊन पोंचतां येईल अशा माटुंग्यास १९२४ सालीं कापसाच्या परीक्षेसाठीं स्थापन झालेली प्रयोगशाळा आहे. तिनें नॅनोसेल्युलोज करण्याचा प्रायोगिक कारखाना उभारला आहे. आमच्या वाड्यांत घड उतरल्यावर केळीचा बुंधा तोडून टाकतात. त्याच्या सोपटांतही पायेन यांचेंच द्रव्य भरलेलें असतें. तें द्रव्य आपण कच्चा माल म्हणून परक्यास द्यावयाचें, कीं त्याचें अंतरंग जाणून घ्यावयाचें, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांपुढें आहे. टांकणखाराची गोष्ट त्यांनीं विसरूं नये.

अमेरिकेंतील रसायनज्ञ १९६२ पासून सेल्युलोजवर उत्तम संशोधन करणारास पायेन यांच्या नांवाचें पारितोषिक देत आले आहेत. तें एखादे दिवशीं आमच्या वाडींतील मुलास किंवा मुलीस मिळेल काय? धुतां धुतां हात दुखले तरी शेवटचा शुद्ध तंतु हातीं येईपर्यंत काम न सोडणें, हा पायेन यांचा गुण ज्याच्या अंगीं येईल, त्याच्या बाबतींत ही आशा अनाठायीं ठरणार नाहीं.