माकडांच्या फरशीवर पालापाचोळा आला, त्यामागं या माणसाचा विचार होता

ठाण्यात येऊरच्या बाजूला गेलात तर माकडं दिसतातच. पानं उचकट, किडे शोध, फळं तोड, दिवसभर हाच उद्योग. पिंजऱ्यातल्या माकडाला मात्र जेवण आयतं मिळतं. दहा मिनिटांत खाऊन झालं की उरलेल्या दिवसाचं त्यानं करायचं काय?

हा प्रश्न गांभीर्यानं घेणारा माणूस म्हणजे हायनी हेडिगर.

जन्म १९०८ चा, स्वित्झर्लंडमधल्या बासेलचा. प्राणीशास्त्र शिकून ते १९३८ मध्ये बर्नच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक झाले. पुढं बासेल आणि मग १९५४ ते १९७३ झुरिक.

त्या काळात चांगला पिंजरा म्हणजे धुवायला सोपा पिंजरा. सिमेंट, टाइल्स, लोखंडी गज. कारणही होतं, रोगराईची भीती.

१९४२ मध्ये हेडिगर यांनी बंदिवासातल्या वन्य प्राण्यांवर पुस्तक लिहिलं आणि वेगळाच मुद्दा मांडला. जागा किती मोठी, यापेक्षा त्या जागेत काय आहे हे महत्त्वाचं. जंगलात प्राण्याला दोन मोठी कामं असतात, अन्न मिळवणं आणि शत्रूपासून वाचणं. पिंजऱ्यात दोन्ही संपतात. मग तो येरझाऱ्या घालतो, स्वतःचे केस उपटतो. म्हणून त्याला काम द्या, असं ते सांगायचे.

हाच विचार पुढं फरशीपर्यंत आला. लाकडाचे तुकडे, पेंढा किंवा वाळकी पानं यांचा जाड थर टाकायचा आणि त्यात धान्य, शेंगदाणे विखरून द्यायचे. माकड तासन्‌तास बोटांनी चाळत बसतं. फक्त माल कोरडा हवा. धूळ, बुरशी किंवा रंग-रसायन लावलेलं लाकूड नको.

पण घाण होणार नाही का? १९८२ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी माकडवर्गातल्या ८ प्रजातींवर हे तपासलं. लाकडी तुकड्यांच्या थरामुळं भांडणं कमी झाली. शिवाय थर जुना होत गेला तसे रोगजंतू त्यात कमी टिकले. म्हणजे जुन्या भीतीलाही उत्तर मिळालं.

हेडिगर १९९२ मध्ये गेले. त्याच वर्षी भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. प्राण्यांना गुंतवून ठेवणं हा आज इथल्या प्राणिसंग्रहालयांच्याही कामाचा भाग मानला जातो.

त्यामुळं पुढच्या वेळी लोकलनं भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत गेलात, तर पिंजरा किती मोठा आहे एवढंच बघू नका. माकडाच्या हाताला काही काम आहे का, तेही बघा.